जमिनीवरून येणारा वास

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला कधीच कळलं नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. कोणाच्या हाती हे कागद पडले तर त्यानं चुका पोटात घालाव्यात. चार माणसांत मला शब्द फुटत नाही, आजही नाही, म्हणून ही गोष्ट तोंडानं कधी सांगितली नाही. लिहून पाहते.

मी पोरकी. आईच्या मागं मामानं मला कोकणातून भांडुपला आणलं. मामी केव्हाच गेली होती, त्यांना मूलबाळ नव्हतं. मला मामा आणि मामाला मी, तिसरं कोणी नव्हतं. मामा मुलुंडच्या एका लहान औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत हमाल होता. मी मोठी झाल्यावर त्यानंच मला तिथं बाटल्या धुवायला लावलं. तेव्हा स्वातंत्र्याला आठदहा वर्षं झाली असतील. नाहूरच्या शेतांतल्या पायवाटेनं आम्ही दोघं चालत जायचो. फाटकाशी आलं की मामा विड्या आणि काडेपेटी भिंतीच्या कोनाड्यात ठेवायचा, नमस्कार केल्यासारखा हात कपाळाला लावायचा आणि मगच आत पाऊल टाकायचा.

आत काड्या नेऊ देत नसत ते ईथरमुळं. हॉस्पिटलात माणसाला बेशुद्ध करायला देत ते हेच. आमच्याकडे औषधांतलं तेल वेगळं काढून तपासायला लागायचं. पाण्यासारखं दिसायचं, गोड वास यायचा. हातावर थेंब पडला तर बर्फासारखा गार लागून क्षणात नाहीसा व्हायचा.

प्रयोगशाळेच्या केमिस्टबाई वयानं माझ्याहून फार मोठ्या नव्हत्या, पण शिकलेल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बाटलीपुढं उभं केलं.

"हिची वाफ तुला दिसणार नाही," त्या म्हणाल्या. "धुरासारखी वर जात नाही. जड असते, जमिनीवर बसते आणि पाण्यासारखी उताराकडं जाते. लांब कुठंतरी दिवा असला की तिथवर पोचते, पेट घेते आणि पेटत पेटत मागं येते. समजलं?"

मी मान हलवली.

"आणि वासानं डोकं हलकं झालं, बरं वाटायला लागलं, की लगेच बाहेर जायचं. बरं वाटणं हीच खूण."

ते वाक्य मला आवडलं नाही. त्या रात्री डोळा लागेना.

उन्हाळ्यात ईथर हाताच्या उबेनंही उकळतं. भर दुपारी कपाटातून काचेचं बूच आपोआप वर उचलल्याचा आणि परत बसल्याचा आवाज यायचा. टक्. थोड्या वेळानं पुन्हा टक्. आत कोणी जागं असावं तसं. म्हणून बाटल्या वाळूत रोवून त्यांच्यावर ओली गोणपाटं टाकायची, सुकली की पुन्हा भिजवायची. ते काम माझं.

"बाळंतिणीसारखी जपूक लागता गो हिका," मामा हसायचा.

"मामा, फार जवळ वाकू नका," बाई ओरडायच्या.

"माका वळाखता ती, बाई. किती वर्सां झाली."

एकदा बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुझ्या मामाला सांग, ती कोणाला ओळखत नाही." मी घरी जाऊन सांगितलं. मामा तांदूळ निवडत होता. "भियाव नको गो," एवढंच म्हणाला. मी भ्यायचं सोडलं नाही. तो संध्याकाळी माझ्यामागून येताना दिसेपर्यंत मी फाटकाशी उभी राहायची.

जागेची रचना सांगायला हवी. प्रयोगशाळा वरच्या अंगाला होती. तिथून तीन पायऱ्या उतरलं की खालची खोली, तिथं बायका औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावायच्या. प्रयोगशाळेतल्या मोरीचं पाणी उघड्या नाल्यातून या खालच्या खोलीत उतरून भिंतीच्या कडेनं बाहेर जायचं.

खंडेनवमीला कारखान्यात अवजारांची पूजा असे. आदल्या दिवसापासून सगळं घासूनपुसून ठेवायचं, कपाटात जुनंपानं राहू द्यायचं नाही. तळाशी ईथर उरलेल्या दोनतीन जुन्या बाटल्या होत्या. उघडलेलं ईथर फार दिवस ठेवलं तर ते आणखी धोक्याचं होतं, म्हणून बाईंनी मामाला सांगून ठेवलं होतं की मागच्या मोकळ्या मैदानात, आग नसेल तिथं, त्यांच्यासमोर ओतायचं. पण त्या सकाळी मैदानात प्रसादाच्या शिऱ्याचे स्टोव्ह भरभरत होते. मामानं दारातून स्टोव्ह पाहिले आणि मागं फिरला. आगीजवळ न्यायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यानं मोरीत ओतलं आणि वरून पाणी सोडलं. बाई तेव्हा खाली कारखान्याच्या शेठच्या आईचं स्वागत करत होत्या. हे सगळं मला नंतर कळलं.

पूजा खालच्या खोलीत होती. पाटावर वजनं, पकडी, काचेची नळकांडी मांडलेली, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची माळ. पुढं जमिनीवर निरांजन. मंत्र चालू होते, उदबत्तीचा धूर कोंडला होता. एकेक जण पुढं होऊन नमस्कार करत होता. शेठ, बाई आणि इतर बरेचसे उभ्याउभ्याच हात जोडून मागं सरले. माझी पाळी आली. मी गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं.

खाली तो वास होता.

मी तशीच राहिले. वर झेंडू, तूप, उदबत्ती. जमिनीलगत मात्र दुसरं काही नव्हतं, फक्त तो गोडवा, गार. डोकं हलकं झालं. बरं वाटलं. मान वळवली तर निरांजनाची ज्योत नेहमीपेक्षा लांब झालेली आणि तिच्याभोवती निळसर कड धरलेली दिसली.

"उठ गं, झोपलीस काय?" मागून कोणीतरी म्हणालं आणि बायका हसल्या.

बोलायला तोंड उघडलं, आवाज आला नाही. मी शेजारचं तांब्याचं ताम्हन उचलून निरांजनावर पालथं घातलं.

"अगं अगं! देवाचा दिवा!" शेठच्या आई किंचाळल्या. "कोणाची ही अवलक्षणी पोर?"

"ईथर," मी म्हटलं. बाईंच्याच कानापर्यंत गेलं असेल. त्या वाकल्या, एकदाच श्वास घेतला, आणि झटकन ताठ झाल्या.

"उदबत्त्या पाण्यात घाला. सगळे बाहेर. धावू नका, काही घासू नका. बाहेर!"

माणसं बाहेर पडली. खोली रिकामी होत असताना वर प्रयोगशाळेच्या दारात मामा दिसला. त्याच्या हातात पणती होती. तराजूच्या ओट्यावर त्यानं आपली वेगळी पूजा केली होती, ते कोणाला माहीत नव्हतं. ओटा उंच, वाफ खाली, म्हणून तोवर काही झालं नव्हतं. गडबड ऐकून आग बाहेर न्यायची, एवढंच त्याच्या ध्यानात आलं.

"मामा, तिथंच थांबा!" बाई ओरडल्या. "विझवा ती! फुंका!"

"देवाचो दिवो फुंकूचो नाय, बाई. भायर घेऊन जातंय," मामा म्हणाला. वारा लागू नये म्हणून ज्योतीपुढं तळवा धरून तो सावकाश पहिली पायरी उतरला. दुसरी उतरला.

मोठा आवाज झाला नाही. कोणी जड पडदा झटकावा तसा भप्प झाला आणि जमिनीवरून निळी आग पसरली. नाल्यातून ती मोरीकडं वर चढत गेली. मामा तिच्यात पोटऱ्यांपर्यंत उभा होता, पणती अजून हातात. मग धोतर पेटलं.

कोणीतरी बादली ओतली. पाण्यावर तरंगत आग आणखी पुढं आली. "पाणी नको, वाळू टाका!" बाई ओरडत होत्या. बाहेर दारालगत मी सकाळीच भिजवून ठेवलेली गोणपाटं होती. ती घेऊन मी आत गेले आणि मामाच्या पायांभोवती गुंडाळली. त्याला दारापर्यंत कसं ओढलं ते आठवत नाही. गोणपाटातून वाफ येत होती आणि तो मला सांगत होता, "ही पणती घे गो, खाली ठेव, सांडात."

मामा वाचला. फार दिवस हॉस्पिटलात होता. पायांची कातडी आकसून घोटे वाकडे झाले आणि नाहूरची पायवाट त्याची कायमची सुटली. शेठनं औषधपाण्याला पैसे दिले ते उचल म्हणून. माझ्या पगारातून कापून घ्यायचं ठरलं. बाईंनी माझ्या बाजूनं भांडून पाहिलं, उपयोग झाला नाही. मामाच्या जागी मला घेतलं. बुचाची टकटक आता मी एकटी ऐकायची. फाटकातून आत जाताना रिकाम्या कोनाड्याकडं बघायची.

शेठच्या आई पुढं कधी आल्या की माझ्याकडं पाहून तोंड फिरवायच्या. देवाचा दिवा मी झाकला म्हणूनच पुढचं झालं, असं त्यांचं म्हणणं होतं. कारखान्यातल्या बायकाही तेच म्हणायच्या, हळू आवाजात. घरी सांजवात मी लावत असे. मामा दाराशी बसून पाहायचा, आणि वात विझेपर्यंत पाय जमिनीवर टेकवायचा नाही, पाटावर वर ओढून घ्यायचा.

असे बरेच पगार गेले. मग एका महिन्यात कारकुनानं अख्खा पगार माझ्या हातावर ठेवला. मला वाटलं चुकला. विचारायचा धीर होईना, तशीच उभी राहिले.

"जा की आता," तो म्हणाला. "संपलं तुझं."

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली नव्हती. मी पैसे मामाच्या मांडीवर ठेवले. त्यानं ते चाचपून पाहिले, माझ्याकडं पाहिलं.

"फिटले मां?"

"फिटले, मामा. सगळे."