टिपऱ्या नव्हत्या त्या

वेताच्या दोन काठ्या जोरात एकमेकींवर आपटल्या की जळक्या सालीसारखा वास येतो. आज इथे उत्तरेत, मनीमाजऱ्याच्या काठीच्या क्लासमध्ये तो नाकात गेला आणि सहा वर्षांपूर्वीचा आमच्या मराठी मंडळाचा गणपती आठवून मी पुन्हा चिडले.

जवळच्या खरड गावाहून येताना एकाने माझा पाठलाग केला होता, म्हणून मी ही फिलिपिनी काठीची लढत शिकायला लागले होते. मंडळातल्या मुलींना ती दाखवायला मी दहा मिनिटं मागितली. सेक्रेटरी काकांनी माईकवर जाहीर केलं, "आता टिपरी नृत्य!"

"काका, हे स्वसंरक्षण आहे."

"अगं, सणासुदीला मारामारी कशाला? जरा हसून कर."

वर गाणंही लावलं. मी दातओठ खात वार दाखवले आणि लोकांनी तालावर टाळ्या वाजवल्या.

नंतर आठवीतली एक मुलगी जवळ आली. "दीदी, मुझे सिखाओगी? ट्यूशन के बाहर एक अंकल रोज खड़ा रहता है."

"थांब हं, आधी या काकांना बघते," म्हणत मी भांडायला गेले. चांगली वीस मिनिटं भांडले. परतले तोवर तिची आई तिला घेऊन गेली होती.

'मुलींचं ऐकून घ्या' अशी पत्रकं मी आजही वाटते. तिचं तर मी नावसुद्धा विचारलं नव्हतं.