मनोहरची वर्तुळांची वही

मनोहर गेला त्या सकाळी मी वाचनालय उघडत होतो. त्याच्या लॅबमधला सहकारी सायकलवरून उतरला. "मनोहरभाऊ गेले," एवढंच म्हणाला... महिना होत आला. कुलूप काढताना हात अजून थांबतो.

मनोहर माझा शाळेपासूनचा मित्र. धंतोलीतल्या एका लॅबमध्ये तो रोग्यांच्या नमुन्यांतले जंतू काचेच्या थाळीत वाढवी. त्या दुधाळ थरावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवी. औषध लागू पडणार असेल तर टिकलीभोवती स्वच्छ गोल उमटे. बाजारातल्या पालेभाज्याही तो हौसेनं अशाच तपासायचा आणि ते गोल पेन्सिलीनं वहीत उतरवून घ्यायचा. नमुना मिळाला नाही, तर त्या पानावर आडवी रेघ. वहीच्या सुरुवातीला गोल रुपयाएवढे आहेत. पुढे चाराण्याएवढे होतात... मग त्याहून लहान.

"जुड्या नाल्याच्या पाण्यात धुतात, अन् लोकं सर्दीलेही त्याच जंतू मारायच्या गोळ्या गिळून राहिले," तो म्हणे. "जंतू शिकून राहिले गा. आपणच नाही."

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि तो वरून कच्चा भुरभुरला नाही तर ताट अपुरं वाटतं. मनोहर पुडाच्या वडीतला, तळलेला तेवढा खाई. पोह्यांवरचा बोटानं काठाला सारी. तो जाण्याआधीच्या एका रविवारी माझ्या घरी मीच त्याच्या बशीत मूठभर टाकला.

"इतका शिकला, अन् पानाले भेऊन राहिला काय गा?"

"भेतोच," तो हसला. "तुले दिसत नाही, मले दिसते."

आणि माझ्या शब्दाखातर सगळं खाल्लं. मीही खाल्लं. मला काहीच झालं नाही.

तिसऱ्या दिवशी त्याला रक्ताची आव आणि ताप. दोन दिवसांनी मी त्याच्या घरी भेटायला गेलो तेव्हा स्वतःच्याच नमुन्याची थाळी तो खिडकीच्या उजेडात धरून बसला होता. थर प्रत्येक टिकलीला भिडला होता. गोल एकही नव्हता.

"जागाच नाही सोडली," तो हळू आवाजात म्हणाला. मग माझ्याकडे पाहिलं. "त्या दिवशीची जुडी उरली असन तर आणून दे. एका घासावरून काही सिद्ध होत नाही. तपासून पाहू."

"संपली," मी म्हणालो.

संपली नव्हती. अर्धी जुडी ओट्यावर पाण्याच्या ग्लासात उभी होती, हिरवीगार. घरी येऊन मी ती परसात खोल पुरली. चार दिवसांनी तो गेला.

परवा त्याच्या पत्नीनं, नलूवहिनींनी, वही माझ्या हाती दिली. "भाऊजी, दवाखान्यातही उशाशीच होती. आता तुमीच ठेवा."

शेवटच्या पानावर थरथरतं अक्षर आहे : 'सांबार. मित्राच्या घरचा.' खाली गोलासाठी जागा सोडलेली. मी संपली म्हणालो होतो, तरी त्या पानावर आडवी रेघ नाही...