धार लावलेली पटाशी

भोईवाड्याच्या एका शाळेत मुलांना शिकवता यावं म्हणून आम्हा शिक्षकांना सुतारकाम शिकवायला एक म्हातारे मिस्त्री यायचे. त्यांच्या डाव्या हातावर केस नव्हते. लाकूड कोरायच्या पटाशीला धार लावली, की ते आपल्याच हातावरचे केस भादरून ती तपासायचे.

एकदा तपासणीला आलेले साहेब म्हणाले, “मुलांसाठी हत्यारं बोथटच ठेवा. सेफ राहील.”

मिस्त्रींनी पटाशी दगडावर घासणं थांबवलं नाही. “बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, साहेब. मग ती सटकते आणि पोराच्या दुसऱ्या हातात घुसते. तुम्ही सही करा नायतर करू नका, मी धार लावणार.”

साहेब तपासणीच्या कागदावर सही न करताच गेले.

आता आमच्या मुख्याध्यापिकाही मला सांगतात, “सर, बोथट ठेवा.” मी बाही वर करून त्यांना माझा तुळतुळीत डावा हात दाखवतो.