फुंकर मारून घेतलेलं कापड

माझ्या आत्याला घरात सगळे भोंगा म्हणायचे. तिने उभी हयात बसस्थानकावर घोषणा करण्यात घालवली. गाडी उशिरा आणायचा ड्रायव्हर आणि माफी मागायची आत्या: "होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." पुढे तिथे यंत्र बोलायला लागलं आणि आत्या घरी बसली. घर म्हणजे आमचं, तिच्या भावाचं. तिने लग्न केलं नव्हतं, म्हणून मागची खोली तिला 'दिली' होती. दिली हा बाबांचा शब्द. घर दोघांच्याही आईवडिलांचं होतं, हा विषय कुणी काढत नसे.

पण ती स्वस्थ बसणारी नव्हती. पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून द्यायचं काम तिने शोधून काढलं आणि नमुना पाठवला. उत्तर आलं: आवाज उत्तम, पण खोली घुमते. सुधारणा करून आणखी एकदा पाठवा, त्यानंतर विचार होणार नाही. आत्याने कंबर कसली. भिंतींवर लावायला सुताराकडून लाकडी चौकटी करून घेतल्या, त्यांत घरातल्या जुन्या घोंगड्या ठासल्या. राहिलं वरचं कापड, आणि खरी मेख तिथेच होती. आवाज कापडातून आत गेला तर घोंगड्या त्याला गिळणार, कापडावरूनच माघारी फिरला तर सगळी मेहनत पाण्यात.

कापड घ्यायला मी तिच्याबरोबर गेले होते. ती प्रत्येक कापड तोंडाला लावायची, पलीकडे तळहात धरायची आणि फुंकायची. हाताला वारा लागला तर पास. साटीन नापास. मखमल नापास. पडद्याचं एक सुरेख निळं कापडही नापास झालं, तेव्हा मात्र तिचा जीव हळहळला.

"बाई, कापड घ्यायचंय की विझवायचंय?" दुकानदार म्हणाला.

"श्वास जातो तिथून आवाज जातो," असं म्हणत तिने पुढचा तागा ओढला.

अखेर एक सापडलं. विरळ विणीचं, मातकट, पोत्याचं सख्खं भावंड. घरी आणून तिने ते स्वतः ताणून ठोकलं, चौकटी भिंतींवर चढवल्या आणि खोलीच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली. टाळी तिथल्या तिथे विरली. "ऐकलंस?" म्हणत ती अशी हसली, की असं हसताना मी तिला कधी पाहिलंच नव्हतं.

बाबांच्या डोळ्यांत मात्र ते कापड खुपत होतं. "गोदामात राहिल्यासारखं वाटतं," ते येता-जाता म्हणायचे. नमुना पाठवायच्या आदल्या आठवड्यात आम्ही दोघी आत्याच्या मैत्रिणीकडे राहायला गेलो. परतलो तेव्हा बाबा दारातच हसत उभे. सोफे शिवणाऱ्याला बोलावून त्यांनी एकूण एक चौकटीवर क्रीम रंगाचं चकचकीत रेक्झिन चढवून घेतलं होतं, तेही गोंदाने, पक्कं. आत्याचं कापड त्या माणसाने हात पुसायला नेलं होतं.

"बाबा, यातून आवाज आत जायचाच नाही!" मी ओरडले.

"मग तेच तर हवंय! हिची बडबड बाहेर कशाला यायला हवी? आता वाच म्हणावं खुशाल." मग आत्याकडे वळून, "कसं वाटलं? तुझ्यासाठीच केलंय हो."

मला वाटलं, आता तरी ही बोलेल. चांगली खडसावेल. आत्या भिंतीपाशी गेली. रेक्झिनला तोंड लावून तिने फुंकलं. श्वास तिच्याच तोंडावर परत आला, कपाळावरचे केस हलले.

"छान आहे, दादा," ती म्हणाली. "तुला उगाच त्रास झाला."

तो घोषणेचा आवाज होता. मला बाबांपेक्षा तिचाच जास्त राग आला.

नमुना तिने पाठवला. उत्तर आलं ते मला दाखवलं नाही, आणि मीही मागितलं नाही.

आलेल्या पाहुण्यांना बाबा अजून ती खोली दाखवतात. "बहिणीला स्टुडिओ करून दिला," म्हणतात आणि रेक्झिनवर थाप मारतात. थाप खोलीभर घुमते. आत्या तेव्हा पाहुण्यांसाठी चहा टाकत असते.