आधी हाजिरी, मग पीडीएफ

मिल बंद पडून बरीच वर्षं झाली होती. कामगारांच्या संघटनेच्या खोलीत बसून मी कम्प्युटरवर त्यांची यादी तयार करत होते. सरकारी कार्यालयाने ती पीडीएफ करून मागितली होती. यादीत ज्याचं नाव नाही तो मिलमध्ये कधी होता, हे कोणी मानणार नव्हतं. पीडीएफची मागणीही बरोबर होती. आमच्या यादीतली हिंदी अक्षरं दुसऱ्या कम्प्युटरवर उघडली की नुसत्या किड्यामुंग्या दिसायच्या. पीडीएफ मात्र केली तशी राहायची. आख्ख्या गल्लीत ती मला एकटीलाच करता यायची, त्यामुळे माझा तोरा विचारू नका.

मदतीला मिलचे जुने हाजिरी-बाबू होते. मी त्यांना काका म्हणत असे. शहराबाहेरच्या राऊहून टेम्पोने यायचे, इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. हजेरीची रजिस्टरं त्यांनीच जपली होती.

शेवटच्या दिवशी सकाळी मी यादी अक्षरवार लावली, दोनदा पडलेली नावं उडवली आणि विचारलं, "काका, करू पीडीएफ?"

"नंतर बदलते का ती?"

"नाही. त्यासाठीच तर करतात."

"मग पहिले हाजिरी होऊ दे, बेटा."

माझं डोकंच फिरलं. अंगणात म्हातारे ताटकळलेले, चारच्या आत पीडीएफची सीडी कार्यालयात पोहोचवायची, आणि यांना मिलची रीत आठवली! काका मात्र छापलेले कागद घेऊन दारात उभे राहिले आणि पाळी सुरू होताना पुकारायचे तसं एकेक नाव पुकारू लागले.

"हाजिर."

"हाजिर, बाबूजी."

जे वारले होते त्यांच्या बायका उठून हाजिर म्हणत होत्या. मी घड्याळ बघत होते.

मग एका नावाला दोन आवाज आले.

दोघं विणकर एकमेकांकडे बघत राहिले. नाव तेच, बापाचं नावही तेच, टिकट नंबर, म्हणजे मिलमधले कामगार क्रमांक, तेवढे वेगळे. मिलमध्ये त्यांना मोठा आणि छोटा म्हणायचे. मी नंबर न बघता छोट्याला उडवलं होतं.

काकांनी रजिस्टर उघडून नंबर सांगितला, मी छोट्याचं नाव परत भरलं. बाकीची हाजिरी पूर्ण झाली, तेव्हाच पीडीएफ केली. असा माणूस मला पुढे कुठल्याच ऑफिसात भेटला नाही.

छोटा आत आला. पडद्यावर त्याला नाव दाखवलं, तर तो जवळ वाकून बघत राहिला.

"बिटिया, अब मिटेगा तो नहीं?"

मी काकांकडे बघितलं. काकाच म्हणाले, "नहीं मिटेगा. बिटिया ने पक्का कर दिया है."

त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला. सकाळी त्याला मीच मिटवलं होतं.