तेल प्यायलेला सूट

आमच्या पाड्यावरची रंजिता म्हणजे शेजारच्या कमळूभावजींची सून. मुरबाडकडच्या धबधब्यावर शहरातली माणसं दोरानं उतरायला येतात, तिथं ती कामाला जाते. यंदा दोर लावणाऱ्या टीमच्या शेखरनं तिला डोहात उभं राहायचं काम देऊ केलं. खाली येणाऱ्याला पाण्यात धरायचं, दोरातून सोडवायचं, काठाला लावायचं. आजवर तिथं बाईमाणूस उभं राहिलं नव्हतं. रंजिता म्हणाली, "मी राहते."

त्या कामाला रबरी सूट लागतो, डोहाचं पाणी मेलं असं गार! टीमनं तिला एक जुना दिला, आन पयल्याच सरावात कातळानं त्याचा गुडघा वीतभर फाडला. तशीच दिवसभर पाण्यात राहिली. घरी आली तर बोटांनी भाकर मोडेना. भावजी ताटावरून बघतच राहिले.

शेखरनं सांगून टाकलं, "रविवारी सूट धड असला तर तू डोहात. नायतर टीममधला जीवन उभा राहील."

रंजिता काय रडत बसणारी नाय. "घरीच करते नीट," म्हणाली. सूट साध्या पाण्यात धुतला, कमरेतून दुमडून पडवीतल्या बांबूवर सावलीला टाकला. ऊन आन चूल दोन्ही वर्ज्य, रबर कडक होतं म्हणे. मग शहापूरच्या बाजारात असल्या रबराला चालणारं चिकटवायचं सोल्यूशन आणायला गेली.

तेवढ्यात भावजींनी घोळ घातला! जन्मभर बैलांच्या चामडी पट्ट्यांना तेल चोळलेला माणूस. त्यांना वाटलं, सूट सुकला म्हणून फाटला. सणासाठी जपलेलं खुरासणीचं तेल काढलं आन त्या गुडघ्यात जिरवलं. मी ओटीवरून ओरडले, "अवो, तिला विचारा तरी!"

"तू गप गो जनाबाई! मला शिकवतेस?"

रंजितानं येऊन हात लावला तर सगळं बुळबुळीत. तेलावर सोल्यूशन धरत नाय. पोरीचा चेहरा असा उतरला की मला भावजींच्या टकुऱ्यात तांब्या हाणावासा वाटला.

"बाबा, किती चोळलंत?"

"सगळं!" म्हातारा छाती काढून बोलला. मग तिचं तोंड बघितलं आन तेलाची रिकामी बाटली पाठीमागं लपवली.

"असू दे. तेलाची भांडी रोज घासतोच की आपण," असं म्हणून ती कामाला लागली. भांड्यांचा साबण, कोमट पाणी, मऊ फडकं. चोळायचं, दाबायचं, धुवायचं, परत तेच. पाणी भावजींनी वाहिलं, कोणी न सांगता. बोटाखाली रबर कुरकुर वाजायला लागलं तेव्हा कुठं ती थांबली.

सुकल्यावर फाटीच्या दोन्ही कडांना सोल्यूशनचा पातळ हात दिला. बोटाला चिकटेनासा झाला की दुसरा. मग कडेला कड लावून चिमटीनं दाबत गेली. दुसऱ्या दिवशी वरून टाके घातले, सुई अर्ध्या जाडीतच फिरवून. "आरपार गेली की नवीन भोक पडलं," म्हणाली. सुटाच्या तंगडीचं तोंड खालून घट्ट बांधून तिच्यात पाणी भरलं आन ती आढ्याला टांगली. भावजी समोर बसले, चहा निवला तरी उठले नाय. एक थेंब गळला नाय!

"म्हणजे आता पाणी आत शिरणार नाय?"

रंजिता हसली. "शिरतं वो बाबा, गळ्याकडून थोडं शिरतंच. पण तेच आत राहतं, अंगाच्या उबेनं तापतं. फाटीतून सारखं नवं गार पाणी आलं असतं, ते आता येणार नाय."

"भिजायचंच तर घालायचा कशाला?" भावजींना काय ते पटलं नाय.

रविवारी शेखरनं गुडघा दोन्ही हातांनी ताणून बघितला. ताणला, पण उघडला नाय. त्यानं आपली शिट्टी काढून तिच्या गळ्यात घातली.

भावजी दुपारपासून कुडाजवळ उभे. मी म्हटलं, बसा, पाय दुखतील, तर माझ्यावरच खेकसले. ती आली तशी पिशवीही खाली ठेवू दिली नाय.

"भिजलीस ना?"

"भिजले."

"मग?"

सासऱ्याच्या हातात हात द्यायची आमच्यात रीत नाय. तिनं दिला. म्हाताऱ्यानं तो दोन्ही हातांत धरला, एकेक बोट दाबून बघितलं, आन साऱ्या पाड्याला ऐकू जाईल असा ओरडला, "जनाबाई, अगो बघ! ऊन आहे गो हात!"