इंजिनाच्या शेडमधली पांढरी धूळ

दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हा आम्ही लोंढ्याला रेल्वेच्या चाळीत राहायचो. हे इंजिनांच्या शेडमध्ये कामाला. बॉयलरची उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून त्याच्यावर ॲस्बेस्टॉसचा जाड लेप असे. दुरुस्तीच्या वेळी तो वाळलेला लेप खरवडून काढायचं काम यांच्याकडे आणि शेजारच्या आप्पांकडे. संध्याकाळी दोघं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे होऊन येत. मी यांचे कपडे दारात झटकायची, मग भिजत घालायची.

एकदा शेडला नवा साहेब आला. लेप आधी पाण्यानं भिजवा, नाकाला फडका बांधा, कामाचे कपडे घरी नेऊ नका, असा हुकूम त्यानं काढला. का, ते सांगितलं नाही. जुना फोरमन म्हणे, पाणी मारलं तर पत्रा गंजतो, कोरडंच खरवडा. मग साहेब दिसला की हे लोक भिजवायचे आणि फोरमन दिसला की कोरडं खरवडायचे.

मला काही उमगेना. धूळ वाईट, तर त्यात माणसं कशाला घालतात? वाईट नाही, तर कपडे घरी का नकोत? त्याच ॲस्बेस्टॉसच्या कापडाची एक चिंधी यांनी मला आणून दिली होती. जळत नाही म्हणून मी तिनं चुलीवरची भांडी उतरवायची.

त्यातच आप्पांचा खोकला वाढला. लष्करी कॅम्पातल्या एका डॉक्टरनं क्षय सांगितला, दुसऱ्यानं दमा. मी पेज घेऊन गेले तेव्हा विचारलं, "आप्पा, त्या धुळीनंच झालंय व्हय?"

त्यांनी पेजेचं भांडं बाजूला ठेवलं. "काय की गं. फोरमन म्हणतोय, बिडीनं झालंय. मी तर बिडी कधी वडली न्हाय."

घरी येऊन ती चिंधी मी घरामागच्या परड्यात पुरली. यांना म्हटलं, "उद्यापासनं कपडे तिथंच धुवून वाळत घाला. घरात आणू नगासा."

"बायकांचं काम मी शेडात करू? लोक हसतील की."

"हसू देत."

जुन्या धोतराची बंडी शिवून दिली, ती घालून हे घरी यायला लागले. लोक हसलेच. पावसाळ्यात आप्पा गेले. साहेबाचीही बदली झाली आणि त्याचा हुकूम कुणी पुन्हा काढला नाही. हे मात्र नोकरी संपेपर्यंत शेडच्या नळावर कपडे धूत राहिले. म्हातारपणी चार पावलं चालले की यांना धाप लागायची. ती वयाची की धुळीची, डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.